४०३००१ : आमच्या पणजीचा पिनकोड फुटत नाही

पणजीचा पिनकोड मूळ संख्या आहे. ४०३००१. एक आणि तो स्वतः, बाकी कशानेच त्याला पूर्ण भाग जात नाही. आणि हे मी कुठल्या ॲपला विचारून सांगत नाहीये, कागदावर करून बघितलंय, तेही दोन वेगळ्या वाटांनी, आणि त्यातली दुसरी वाट इतकी झकास निघाली की म्हटलं हे लिहायलाच पाहिजे.

आता कोणीतरी म्हणणारच, मूळ असला काय नि नसला काय, पार्सल तर येतंच ना. येतंच. पण गॅसच्या फॉर्मवर, बँकेच्या केवायसीवर, लग्नाच्या पत्रिकेच्या पाकिटावर आयुष्यभर जो आकडा आपण लिहितो त्याच्याकडे एकदा आकडा म्हणून बघायला काय हरकत आहे? गाडीचा नंबर नऊ यावा म्हणून लोक पैसे मोजतात, त्यापेक्षा हे फुकट आहे.

पिनकोड ही तशी आपल्याच माणसाची करामत. श्रीराम भिकाजी वेलणकर, टपाल खात्यातले मोठे अधिकारी आणि शिवाय संस्कृत कवी, यांनी ती पद्धत बसवली आणि १५ ऑगस्ट १९७२ ला ती देशभर सुरू झाली. पहिला आकडा विभागाचा, ४ म्हणजे आपली पश्चिमेकडची बाजू, पहिले तीन मिळून टपाल वर्गवारीचा जिल्हा, म्हणजे ४०३ आला की गोवा, आणि शेवटचे तीन पोस्ट ऑफिसचे. पणजीचं हेड पोस्ट म्हणून ००१. म्हणजे हा आकडा टपालाच्या थैल्या लावायच्या सोयीने बनलेला आहे, मूळ यावा म्हणून कोणी बसून निवडलेला नाही. मला मजा वाटते ती ह्याचीच. सरकारी सोयीसाठी एक नंबर चिकटवला आणि तो आतून असा निघाला.

तर आधी सरळ वाट. एखादी संख्या मूळ आहे का हे बघायचं तर तिच्या वर्गमुळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायचं, त्याच्या पुढे जायची गरज नाही, कारण दोन अवयव असतील तर त्यातला एक तरी वर्गमुळाच्या आत असणारच. ६३४ चा वर्ग ४०१९५६ आणि ६३५ चा ४०३२२५, म्हणजे आपल्याला ६३४ पर्यंत जायचंय. तिथपर्यंत ११५ मूळ संख्या आहेत. २ नाही, ५ नाही, हे डोळ्यांनाच दिसतं. अंकांची बेरीज ८, म्हणून ३ पण नाही. उरलेल्या मी ट्युशनच्या पोरांना वाटून टाकल्या, नववी-दहावीची बॅच, प्रत्येकाला दहाबारा, आणि मग अर्धा तास घरात एकच ऐकू येत होतं, "टीचर, भाग वचना!" "म्हजो पण वचना!" (भाग जात नाही, माझा पण जात नाही.) एका पोरीला ४३९ आला होता, तिला वाटलं लागलं, कारण ४३९ × ९१८ = ४०३००२. एकाने हुकलं. ४०१ वाल्याचं पण तसंच, ४०१ × १००५ = ४०३००५, चाराने हुकलं.

पण त्याआधी, ७, ११ आणि १३ साठी एक युक्ती आहे जी शाळेत का शिकवत नाहीत मला कळत नाही. ७ × ११ × १३ = १००१. आता कुठलीही सहा आकडी संख्या घ्या, मागचे तीन आणि पुढचे तीन असे दोन तुकडे करा आणि मोठ्यातून छोटा वजा करा. वजाबाकीला ७ ने भाग जात असेल तर अख्ख्या संख्येला जातो, ११ चं तेच, १३ चं तेच. कारण सोपं आहे, ४०३००१ म्हणजे ४०३ × १००० + १, आणि १००० म्हणजे १००१ वजा १, ते १००१ बाजूला पडलं की उरतं १ वजा ४०३. पणजीसाठी फरक आला ४०२. ४०२ म्हणजे २ × ३ × ६७. ७ नाही, ११ नाही, १३ नाही. तिन्ही एका फटक्यात साफ.

आता हीच युक्ती बाकीच्या गोव्याला लावा. हे मी पहिल्यांदा केलं तेव्हा पेन खाली ठेवलं आणि परत एकदा केलं, कारण पटेना.

वास्को ४०३८०२. ८०२ वजा ४०३ = ३९९, म्हणजे ७ × ५७. वास्कोला ७ ने भाग जातो.
मडगाव ४०३६०१. ६०१ वजा ४०३ = १९८, म्हणजे ११ × १८. मडगावला ११ ने.
म्हापसा ४०३५०७. ५०७ वजा ४०३ = १०४, म्हणजे १३ × ८. म्हापशाला १३ ने.

सात, अकरा, तेरा, प्रत्येकाने एकेक गाव वाटून घेतलंय! ठरवून पिनकोड वाटले असते तरी इतकं नीट जमलं नसतं. आणि फोंडा, ४०३४०१, त्याला तर युक्तीपण नको, अंकांची बेरीज १२, ३ ने भाग जातो. म्हणजे गोव्यातली पाच मोठी शहरं घेतली तर चार फुटतात आणि एकटी पणजी उभी राहते. मडगावच्या माझ्या नणंदेला हे सांगितलं तर म्हणाली, "असूंदे, राजधानीचा माज नंबरात पण आलाय." तिच्या समाधानासाठी सांगते, मडगाव म्हणजे ११ × ३६६९१, आणि तो ३६६९१ मूळ आहे, मी तपासलाय. म्हापसा म्हणजे १३ × ३१०३९, तिथला ३१०३९ पण मूळ. म्हणजे दोघंही एकदाच फुटतात, पुढे नाही. वास्को सम आहे, तिथे बोलायला फार काही नाही.

अजून एक छोटी गोष्ट, जी फक्त गोवेकरांच्या उपयोगाची आहे. ४०३ = १३ × ३१. म्हणजे गोव्यातल्या कुठल्याही पिनकोडला १३ ने किंवा ३१ ने भाग जातो का हे बघायचं असेल तर पुढचा ४०३ विसरूनच जा, फक्त मागचे तीन आकडे बघा. म्हापशाचे ५०७ म्हणजे १३ × ३९, झालं. पणजीचा मागचा भाग आहे १, त्याला काय भाग जाणार डोंबल.

बरं, आता दुसरी वाट. हिच्यासाठीच खरं तर हे सगळं लिहायला घेतलं.

फर्मा नावाचा फ्रेंच वकील होता, गणित हा त्याचा फावल्या वेळेचा नाद. त्याने १६४० साली, २५ डिसेंबरला, म्हणजे बरोब्बर नाताळच्या दिवशी, मर्सेन नावाच्या पाद्रीला पत्र लिहून सांगितलं की ज्या मूळ संख्येला ४ ने भागल्यावर बाकी १ उरते ती दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येतेच, आणि एकाच प्रकारे. ५ म्हणजे १ + ४. १३ म्हणजे ४ + ९. १७ म्हणजे १ + १६. २९ म्हणजे ४ + २५. आणि ज्यांची बाकी ३ उरते, ७, ११, १९, २३ वगैरे, त्या कधीच येत नाहीत. सिद्धता काय दिली नाही त्याने, ती सवयच होती त्याची. शंभरेक वर्षांनी ऑयलर नावाच्या गणितज्ञाने ती नीट केली.

४०३००१ ला ४ ने भागलं तर बाकी १. म्हणजे पणजी जर मूळ असेल तर कुठेतरी दोन वर्ग लपलेले असायलाच हवेत. कुठले? शोधायचे कसे? १ पासून ६३४ पर्यंत एकेक वर्ग वजा करत बसलो तर नाताळ ते नाताळ पुरेल. पण थोडं डोकं लावलं तर यादी भराभर आखडते, हे बघा.

कुठल्याही वर्गाला ५ ने भागलं तर बाकी ०, १ किंवा ४ यातलीच उरते. आपल्या संख्येची बाकी १. दोन वर्गांची बेरीज करून ती १ यायला एकाची ० आणि दुसऱ्याची १ हाच मार्ग आहे, म्हणजे दोघांपैकी एकाला ५ ने भाग जातो. मग त्याच्या वर्गाला २५ ने जातो. आणि आपली संख्या ४०३००० + १ आहे, त्या ४०३००० ला २५ ने भाग जातोच, म्हणून दुसऱ्याच्या वर्गाला २५ ने भागल्यावर बाकी १ उरायला हवी. याचा अर्थ दुसरा आकडा २५ च्या पाढ्यातल्या कुठल्यातरी आकड्याच्या एकाने अलीकडे किंवा पलीकडे असणार. २४, २६, ४९, ५१, ७४, ७६ असे. त्यात पुन्हा ८ ची चाळण लावली की कळतं, दोघांपैकी जो सम असेल त्याला ४ ने भाग जायला पाहिजे, म्हणजे २६, ७४ असले उडाले. ३ ची चाळण लावली की कळतं की दोघांपैकी एकालाही ३ ने भाग जाता कामा नये, म्हणजे २४, ५१, ९९ उडाले. सगळं उडवून ६३४ च्या आत उरले फक्त पंचवीस उमेदवार. पंचवीस! एका चहात होणारं काम.

१, ४९, ७६, १०१, १२४... नाही, नाही, नाही. १७६ ला जवळ येतं, हुकतं. २९९ घेतला. २९९ चा वर्ग ८९४०१. ४०३००१ मधून वजा केला तर ३१३६००. शेवटचे दोन शून्य बघूनच मला काहीतरी वाटलं, ३१३६ म्हणजे ५६ चा वर्ग हे पाठ होतं, म्हणजे हा ५६० चा वर्ग.

४०३००१ = २९९ चा वर्ग + ५६० चा वर्ग.

पणजी म्हणजे दोन चौरस. २९९ बाय २९९ ची एक फरशीची खोली आणि ५६० बाय ५६० ची दुसरी, दोन्हीतल्या फरश्या मोजल्या की हेड पोस्टाचा नंबर. आणि तुम्ही म्हणाल सापडलं ना मग थांबायचं, पण थांबायचं नाही, कारण पुढे जे आहे ते जास्त महत्त्वाचं. उरलेले उमेदवार पण तपासायचे. ३०१, ३४९, ३७६ करत ६०१ पर्यंत. ४७६ ला तर अगदी जीव जातो, त्याचा वर्ग वजा करून २५ ने भागलं की येतात ७०५७, आणि ८४ चा वर्ग आहे ७०५६. पण नाहीच. एकही दुसरी जोडी सापडत नाही.

आणि एकच जोडी सापडणं हाच मूळ असल्याचा पुरावा आहे! ऑयलरने हे उलट बाजूने वापरलं. ४ ने भागून बाकी १ उरणारी संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून फक्त एकाच प्रकारे लिहिता येत असेल, आणि ते दोन आकडे सहमूळ असतील, म्हणजे दोघांना मिळून १ शिवाय सामाईक अवयव नसेल, तर ती संख्या मूळच. २९९ म्हणजे १३ × २३, आणि ५६० मध्ये फक्त २, ५ आणि ७ आहेत. सहमूळ आहेत. झालं. ११५ भागाकार करायच्या जागी पंचवीस वर्ग तपासले आणि एकाही मूळ संख्येने न भागता कळलं की ही फुटत नाही. पोरांना हे दाखवलं तर एकजण म्हणाला, "टीचर, मग आमका कित्याक भागाकार करूंक लायले?" त्याचं उत्तर मी दिलं नाही.

हे का चालतं त्याचं बीज आपल्या ब्रह्मगुप्ताकडे आहे. त्याचा ग्रंथ इसवी सन ६२८ चा. त्याचं सूत्र असं की दोन वर्गांची बेरीज असलेल्या दोन संख्यांचा गुणाकार केला तर तो गुणाकारही दोन वर्गांची बेरीज असतो, आणि तो दोन तऱ्हांनी मांडता येतो. ५ × १३ = ६५ घ्या. ६५ = १ + ६४, आणि ६५ = १६ + ४९ पण. फुटणारी संख्या स्वतःच चुगली करते. ऑयलरने १०००००९ हा आकडा असाच पकडला. १००० चा वर्ग अधिक ३ चा वर्ग हे तर उघडच आहे, पण २३५ चा वर्ग अधिक ९७२ चा वर्ग हे पण तेवढंच येतं, म्हणजे दोन जोड्या, म्हणजे फुटणार, आणि त्या दोन जोड्यांतूनच त्याने अवयव काढले, २९३ × ३४१३. कॅल्क्युलेटर नसलेल्या काळात!

आता ही कसोटी बाकीच्या शहरांना लावून बघितली (हो, मला दुसरी कामं आहेत, पण ती राहिली). म्हापसा ४०३५०७, ४ ने भागून बाकी ३, दोन वर्ग शक्यच नाहीत, विषय संपला. मडगावची बाकी १ येते, पण पोटात एकटा ११ बसलाय, आणि ११ ची बाकी ३. बाकी ३ वाली मूळ संख्या अवयवांत एकटीदुकटी आली की, म्हणजे जोडीने नाही आली की, दोन वर्ग होत नाहीत. फोंड्याच्या पोटात एकटा ३. वास्कोच्या पोटात एकटा ७. म्हणजे पाच शहरांत दोन वर्गांत बसणारी पण एकटी पणजीच. नणंदेला हे अजून सांगितलेलं नाही.

दोन वर्ग मिळाले की काटकोन त्रिकोण फुकटात मिळतो. ५६० च्या वर्गातून २९९ चा वर्ग वजा केला, २२४१९९. दोघांचा गुणाकार करून दुप्पट केला, ३३४८८०. या दोन बाजूंचा काटकोन त्रिकोण काढला तर त्याचा कर्ण बरोब्बर ४०३००१. पायथागोरसच्या त्रिकुटांत आमच्या शहराचं नाव.

शेजारीपाजारी पण बघण्यासारखे आहेत. ४०३००० म्हणजे २ तीनदा, ५ तीनदा, १३ आणि ३१, पार चुरा होतो. ४०३००२ म्हणजे २ × ३ × ३ × ३ × १७ × ४३९. ४०३००४, हा दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचा पिनकोड, म्हणजे २ × २ × ७ × ३७ × ३८९. ४०३००५ म्हणजे ३ × ५ × ६७ × ४०१. आणि मध्ये ४०३००३? तो मूळ आहे. ११५ भागाकारांची वही हाताशी होतीच, प्रत्येक बाकीत फक्त २ मिळवायचे होते, कुठेच पूर्ण झालं नाही. म्हणजे ४०३००१ आणि ४०३००३ ही जोडमूळ संख्यांची जोडी आहे, ३-५, ११-१३, १७-१९ सारखी. अशा जोड्या अनंत आहेत का हे अजून कोणालाही सिद्ध करता आलेलं नाही. २०१३ साली यितांग झांग नावाच्या गणितज्ञाने एवढं दाखवलं की ७ कोटींपेक्षा कमी अंतर असलेल्या मूळ संख्यांच्या जोड्या तरी अनंत आहेत, आणि मग बाकीच्यांनी मिळून ते ७ कोटींचं अंतर २४६ पर्यंत खाली आणलं. २ पर्यंत यायला अजून २४४ बाकी आहेत आणि म्हणे तेच सगळ्यात अवघड आहेत.

चार लाखांच्या आसपास साधारण तेरा संख्यांत एक मूळ असते. म्हणजे पणजीला मूळ नंबर मिळणं हा काही चमत्कार नाही, लॉटरीचं छोटं बक्षीस म्हणा. मूळ संख्या पुढे पुढे विरळ होत जातात, किती विरळ ते ढोबळमानाने १८९६ पासून सिद्ध आहे, पण नेमकी किती चूक राहते हा प्रश्न रीमान नावाच्या गणितज्ञाने १८५९ मध्ये मांडलेल्या एका अंदाजाशी येऊन अडकतो आणि तो अंदाज आजपर्यंत ना सिद्ध झाला ना खोटा ठरला.

आणि इथे गोव्याचा माणूस येतो. दामोदर धर्मानंद कोसंबी, १९०७ साली कोसबेंला जन्मलेले, धर्मानंदांचे चिरंजीव. लोक त्यांना इतिहासकार म्हणून ओळखतात, नाण्यांचं वजन करून काळ ठरवणारे वगैरे, पण पोटापाण्याचा धंदा गणिताचा, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. पन्नासच्या दशकाच्या शेवटी त्यांनी रीमानचा अंदाज संभाव्यतेच्या अंगाने सिद्ध केल्याचा दावा केला आणि १९५९ मध्ये तो छापला कुठे, तर शेतीच्या सांख्यिकीच्या नियतकालिकात! गणितवाल्यांना तो दावा मान्य झाला नाही आणि कोसंबींचं नाव त्या वर्तुळात खराब झालं ते झालंच. १९६२ ला ती संस्था सुटली, १९६६ ला ते गेले, आणि शेवटपर्यंत मूळ संख्यांवर काम करत होते. आपल्याकडे कला अकादमीत त्यांच्या नावाने विचार महोत्सव भरतो, चांगली चांगली माणसं येतात, मी जाते, पण मी ऐकलेल्या एकाही भाषणात मूळ संख्यांचा म पण आला नाही. माझ्या मते हे चुकतंय. ज्या माणसाने या नादापायी आपली इभ्रत पणाला लावली त्याच्या नावाच्या महोत्सवात एखादं तासभर ४ ने भागून बाकी १ ची गोष्ट व्हायला पाहिजे, शाळेतली पोरं बोलवा, खडू फळा आणा, बास.

आता जरा हलकंफुलकं, अंकांचे खेळ. कट्टर गणितवाले याला नाक मुरडतात, कारण मूळ असणं किंवा दोन वर्ग असणं हे संख्येचं स्वतःचं असतं, कुठल्याही पद्धतीने लिहा बदलत नाही, आणि अंकांची बेरीज वगैरे आपण दहाच्या पद्धतीत लिहितो म्हणून येतं. मुद्दा बरोबर आहे. पण मग आपल्या द. रा. कापरेकरांचं काय करायचं? डहाणूला जन्मलेले, देवळालीला शाळामास्तर, मोठी पदवी नाही, मोठी नोकरी नाही, आणि तरी १९७५ मध्ये गणिताच्या कोड्यांवर लिहिणाऱ्या मार्टिन गार्डनरने अमेरिकन मासिकात त्यांच्यावर लिहिलं आणि जगभर नाव झालं. मी त्यांच्या बाजूची आहे.

कापरेकरांच्या हर्षद संख्या म्हणजे ज्यांना स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जातो त्या. पणजी कधीच हर्षद होऊ शकत नाही, ती कोणालाच भाग देत नाही तर ८ ला कुठून देणार. पण डिचोली बघा, ४०३५०४, बेरीज १६, आणि १६ × २५२१९ = ४०३५०४. आणि वाळपई, ४०३५०६, बेरीज १८, १८ × २२४१७. दोन्ही हर्षद! मोठ्या शहरांतलं एकही नाही, हर्षद निघाले ते खाणीच्या आणि जंगलाच्या बाजूचे तालुके.

आणि त्यांचा तो प्रसिद्ध खेळ, ६१७४ वाला. चार आकडी संख्येचे अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, वजा करा, परत तेच करा, सगळे अंक सारखे नसतील तर शेवटी ६१७४ वर येऊन थांबता. सहा आकड्यांना मात्र एक मुक्काम नाही. काही ५४९९४५ वर थांबतात, काही ६३१७६४ वर, आणि बाकीच्या सात संख्यांच्या एका चक्रात अडकतात. पणजीचं काय होतं? ४३१००० वजा ०००१३४ = ४३०८६६. तिथून ८३१७६२, ७५२६४३, ५३०८६५, ८२९९६२, ७७१७२३, ६५३५४४, ३१०८८७, ८७३५२२, ६५१७४४, ६२०८७४, आणि बाराव्या फेरीला ८५१७४२. इथून चक्र सुरू, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४, ४२०८७६, आणि परत ८५१७४२. अठरा जून रस्त्यावर संध्याकाळी पार्किंग शोधणाऱ्या गाडीसारखं, त्याच सात वळणांवरून गोल गोल.

बाकीची चार शहरं पण ह्याच चक्रात जाऊन पडतात, पाचही, एकही सुटत नाही. फरक फक्त वेळेचा. म्हापसा पहिल्याच वजाबाकीत आत, ७५४३०० वजा ००३४५७ = ७५०८४३. वास्को पण पहिल्याच वजाबाकीत, ८४०८५२. मडगाव ६४१७५४ वरून आणि फोंडा ४४१७५६ वरून, पण दोघंही पुढे त्याच ६२०८७४ ला भेटतात आणि तिसऱ्या फेरीत आत येतात. पणजीला बारा फेऱ्या लागतात.